वीतभर तार

मुलांनो, वायरमन विजेची पेटी उघडतो तेव्हा तुम्ही आत डोकावता का? लांबूनच बघा. पेटीतला मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून त्यात येणाऱ्या तारेत 230 व्होल्टचा दाब असतोच.

आमच्या घरी नवी पेटी बसवताना वायरमनचाचांनी प्रत्येक तार वीतभर जास्त ठेवून कडेने वळवली होती. मला तो पसारा वाटला. "चाचा, कापा ना, नीटनेटके दिसेल." मी मास्तर पडलो! त्यांनी माझा मान राखला. पण एकच तार कापली, स्वयंपाकघराची.

तीन वर्षांनी त्याच तारेचा स्क्रू सैल झाला. सैल जोड तापतो. तांब्याचे टोक काळे पडले, वरचे आवरण वितळले. जळका भाग कापून तार पुन्हा सोलावी, तर ती स्क्रूपर्यंत पोहोचेना. पेटीत तुकडा जोडायला चाचा तयार नव्हते. "तोही जोड उद्या तापेल," ते म्हणाले. भिंतीतल्या नळीतून सगळी तार नव्याने ओढावी लागली. अम्मीने रात्रीचा स्वयंपाक मेणबत्तीच्या उजेडात केला.

चाचांनी मला एका शब्दानेही टोकले नाही. नवी तार वीतभर जास्त ठेवून त्यांनी पक्कड माझ्यापुढे धरली आणि हसून विचारले, "मास्तर, कापू?"