उसवता येणारी शिवण

घरातल्या शिवणकामाचा विचार बहुधा काटकसर आणि हौस या दोन सदरांखाली केला जातो, आणि ही दोन्ही सदरे खरी असली तरी त्यांच्या पलीकडे या कामाची स्वतःची एक रीत आहे, तिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. घरी शिवलेली वस्तू कायमची म्हणून शिवलेली नसते. ती पुढे कधीतरी उसवली जाईल, सैल केली जाईल, निराळ्या आकारात बसवली जाईल, हे शिवणाऱ्या हाताला पहिल्या टाक्यापासून ठाऊक असते. बाळाची कुंची, मुलीचा परकर, गौरीला नेसवलेले पातळ, पोळ्याची झूल आणि अंगावर घ्यायची गोधडी या वस्तूंचा वरवर पाहता एकमेकींशी फारसा संबंध नाही, तरी एका समजुतीने त्या जोडलेल्या आहेत. माणूस वाढतो, सण फिरून येतो आणि कापड विरते, या तिन्ही गोष्टींचा हिशेब शिवणीत आधीच धरलेला असावा, ही ती समजूत होय.

या हिशेबाची पहिली खूण टाक्यात दिसते. सुई कापडातून वर-खाली काढत सरळ पुढे नेली की धावदोरा होतो, आणि तोच लांब लांब घातला की त्याला कच्चा धावदोरा म्हणतात. दोन कापडे जागच्या जागी धरून ठेवणे एवढेच त्याचे काम असते आणि पक्की शिवण झाली की तो ओढून काढला जातो. हेम म्हणजे दुमडलेली कड आतल्या बाजूने टिपून बसवणे. त्यात सुई बाहेरच्या कापडाचे एखाददुसरेच सूत उचलते, त्यामुळे सुलट बाजूस दोऱ्याचा जेमतेम ठिपका उमटतो आणि पुढेमागे ती कड सोडायची झाली तर कापडाला इजा होत नाही. उलट्या टिपेत मात्र प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे नेऊन मग पुढे काढतात, त्यामुळे टाके सलग एकमेकांना भिडतात आणि काख किंवा बाहीचा जोड अशी ताण सोसणारी जागा पक्की होते. कोणती जागा पक्की करायची आणि कोणती सुटण्याजोगी ठेवायची, हा निर्णय घरच्या शिवणाऱ्या बाईला रोजच घ्यावा लागतो, आणि या कामातले खरे कौशल्य त्या निर्णयातच असते. शिवणीच्या आत जादा राखलेल्या कापडाला माया म्हणतात; अंग भरेल, बाही आखूड पडेल, हे ओळखून घरी ती सढळ हाताने ठेवली जाते.

लहान मुलांच्या कपड्यांत हे शहाणपण सर्वांत स्पष्ट दिसते. बाळंतिणीला आणि नवजात बाळाला भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या कपड्यांच्या संचाला बाळंतविडा म्हणतात, आणि त्यात झबली, टोपरी, दुपटी, लंगोट अशा वस्तूंचा भरणा असतो. पहिल्या दिवसांसाठी जुन्या सुती पातळाचे तुकडे मुद्दाम निवडले जातात, कारण वारंवार धुतल्याने त्यातली खळ पूर्णपणे निघून गेलेली असते, सूत मऊ पडलेले असते आणि ओल लवकर टिपली जाते. नवे कापड बाळाच्या त्वचेला जे देऊ शकत नाही, ते या जीर्णपणानेच दिलेले असते. झबल्याला बटणांऐवजी कापडी बंद लावले की तेच झबले महिनोन्महिने थोडे थोडे सैल बांधत वापरता येते, आणि आतली शिवण टोचू नये म्हणून ती काही घरांत बाहेरच्या अंगाला ठेवली जाते. दिसण्यापेक्षा अंगाला लागणे महत्त्वाचे मानण्याचा हा क्रम घरच्या शिवणाने कधी सोडलेला नाही.

कुंची ही या संचातली सर्वांत देखणी वस्तू. डोक्यावर टोपीसारखी बसणारी आणि मागे पाठीवर झग्यासारखी रुळणारी ही शिवण आयताकार कापडातून निघते: कापड मधोमध दुमडून एक आखूड कड मागच्या बाजूस शिवली की डोक्याचा भाग तयार होतो, मानेपाशी चुण्या घेतल्या जातात आणि हनुवटीखाली बांधायला बंद येतात. कडेला वेगळ्या रंगाचा गोट लावायचा असेल तर पट्टी उभ्या किंवा आडव्या सुतात न कापता तिरपी कापावी लागते. अशा पट्टीला उरेब पट्टी म्हणतात, आणि तिरप्या सुतामुळे ती ताणली जाऊन वळणावर सुरकुती न पडता बसते. बारशाला घालायची कुंची बहुधा खणाची असते. खण हे मुळात चोळीचे कापड, त्याच्या विणीतच काठ आणि बारीक नक्षी असते, आणि कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. ओटीच्या निमित्ताने घरात खण साठत जातात. त्यांतला एखादा चोळीचा होतो, एखादा कुंचीचा, आणि उरलेल्या तुकड्यांतून बटवा, देवासमोरचे आसन किंवा दाराचे तोरण निघते. एका घरातून दुसऱ्या घरात सन्मानाने गेलेले कापड अशा रीतीने तिथल्या मुलाच्या मस्तकावर किंवा दाराच्या चौकटीवर येऊन बसते.

मुलीच्या परकरात वाढीचा हिशेब अधिकच उघड असतो. कमरेशी नेफा, म्हणजे नाडी ओवण्यासाठी दुमडून शिवलेली पोकळ पट्टी, असल्यामुळे रुंदीचा प्रश्न नाडीच सोडवते. उंचीसाठी मात्र खाली घेराला दोन-तीन आडव्या दुमडी घालून ठेवतात आणि मुलगी वाढेल तशी एकेक दुमड उसवतात. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ रंग पट्ट्यासारखा उठून दिसतो, कारण दुमडीच्या आत त्याला ऊन आणि धुणे लागलेले नसते. हा पट्टा झाकण्यासाठी त्यावर फीत किंवा साखळी टाक्याची वेल घातली जाते, आणि साखळी टाका म्हणजे आधीच्या टाक्याच्या फाशातून पुढचा टाका काढत नेण्याची रीत असल्याने ती वेल चटकन भरते. ज्या नक्षीला केवळ शोभा समजले जाते, तिच्यामागे पुष्कळदा अशी एखादी वाढलेली उंची असते.

सणांच्या शिवणकामात उसवण्याची ही तयारी आणखी पुढे जाते, कारण सणाची वस्तू काही दिवसांसाठी मांडायची आणि पुन्हा संसारात परत घ्यायची असते. भाद्रपदात येणाऱ्या ज्येष्ठा गौरींचे आवाहन, पूजन आणि विसर्जन तीन दिवसांत होते. उभ्या गौरींचा मुखवटा पितळेचा, शाडूचा किंवा अन्य कशाचा असला तरी शरीर घरातच उभारले जाते, त्याला कापूस भरलेले कापडी हात लावले जातात आणि पातळाच्या निऱ्या कच्च्या धावदोऱ्याने टाचल्या जातात. विसर्जनानंतर दोरा ओढला की तेच पातळ घरातली सून किंवा लेक नेसते, आणि देवीने नेसलेले म्हणून ते अधिक मोलाचे ठरते. गुढीपाडव्याला गुढीच्या टोकाला बांधलेल्या वस्त्राला तर एकही टाका लागत नाही. निऱ्या करून ते गाठीने बांधायचे, संध्याकाळी उतरवायचे आणि मग त्याचे काय शिवायचे ते ठरवायचे. पूजेतली कापसाची वस्त्रे याच्याही अलीकडची: ओल्या बोटांनी कापूस ठरावीक अंतरावर दाबून त्याची माळ करतात, दाबलेल्या जागी कुंकू लावतात, आणि सूत होण्याआधीच्या अवस्थेतला तो कापूस वस्त्र म्हणून देवाला वाहिला जातो.

संक्रांतीला काळ्या कापडाचे महत्त्व थंडीच्या दिवसांशी जोडलेले आहे, कारण काळा रंग उष्णता शोषून घेतो. लहान मुलाच्या बोरन्हाणासाठी, म्हणजे बोरे, चुरमुरे, उसाचे करवे असा खाऊ मुलाच्या डोक्यावरून ओतण्याच्या समारंभासाठी, काळे झबले किंवा फ्रॉक शिवला जातो आणि त्यावर साखरेचा काटा आलेल्या हलव्याचे दागिने चढवतात. हलव्याचा दाणा ओवताना दोरा ताणला तर दाणा फुटतो आणि सैल सोडला तर माळ लोंबते. हातातला हा नेमका ताण कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही. शेतकऱ्याच्या घरी बैलपोळ्याला, जो बहुतेक भागात श्रावण अमावास्येला येतो, बैलाच्या पाठीवर झूल घालतात. भिंगे, कवड्या, रंगीत कापडाचे तुकडे आणि गोंडे लावलेली ही झूल एका वर्षात संपत नाही. सुटलेले भिंग आणि उसवलेला गोंडा सणाआधी पुन्हा बसवला जातो, आणि गोठ्यातला बैल बदलला तरी पेटीतली झूल तीच राहते.

या सगळ्या प्रवासाचा शेवट गोधडीत होतो, आणि शेवटही म्हणता येणार नाही इतके दीर्घ तिचे आयुष्य असते. मराठीत तिला वाकळ असेही म्हणतात. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे ८.२ मीटर कापड; त्याचे चार समान तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरहून थोडा लांब येतो, म्हणजे निजलेल्या माणसाच्या उंचीला पुरेसा, आणि हे चार थर एकावर एक घातले की एका जुन्या लुगड्यातून एका माणसापुरती गोधडी होते. विरलेल्या जागांवर धडक्या तुकड्यांची ठिगळे येतात, थर जमिनीवर सुरकुती न ठेवता पसरले जातात आणि कडेपासून आत धावदोरा भरत नेला जातो. येथे धावदोरा पक्क्या शिवणीचे काम करतो, पण तो एकट्याच्या बळावर करत नाही: एकाच गोधडीत शेकडो समांतर ओळी असतात, त्यामुळे एक ओळ तुटली तरी शेजारच्या ओळी थरांना सरकू देत नाहीत. थरांमध्ये अडकलेली हवा थंडी रोखते, टाक्यांमुळे कापड सुरकुतून किंचित उंचसखल होते आणि त्या लहान लहान उंचवट्यांत आणखी हवा राहते. उबेचे हे कारण शास्त्राच्या भाषेत कोणी सांगितले नसले तरी किती जाडीला किती दाट टाका घालायचा हे बायकांच्या हाताला माहीत होते. सुगीनंतरच्या मोकळ्या दिवसांत, अंगण कोरडे असताना, तीन-चार जणी चारी कडांना बसून हे काम उरकत, आणि पावसाळ्याआधी गोधडी तयार होई.

ही रीत केवळ महाराष्ट्राची नाही. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी हीही जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने जोडण्याचीच कामे आहेत, आणि उत्तर कर्नाटकात तिला कौदी म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाज, ज्याचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि त्यांतले पुष्कळ जण पोर्तुगीजांच्या काळात गोव्यामार्गे येथे पोहोचले, अशीच गोधडी कडेपासून मध्याकडे शिवत नेतो आणि तिच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या घडीचे त्रिकोण लावतो. त्या त्रिकोणांना फूल म्हणतात आणि त्यांच्याशिवाय काम पुरे झाले असे मानले जात नाही. समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी येथल्या जुन्या लुगड्यांतून स्वतःची आकृती घडवली, हे कापडाच्या इतिहासातले फार सुंदर प्रकरण आहे. महाराष्ट्रात गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) ठिगळांचे वस्त्र आयुष्यभर अंगावर वागवले, लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, आणि ज्या ठिगळाची माणसाला लाज वाटावी असे समाजाने ठरवले होते, ते कीर्तनाच्या उजेडात सर्वांसमोर उभे राहिले.

यंत्राने या रीतीला लगेच धक्का दिला नाही. आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली अमेरिकेत शिवणयंत्राचे पेटंट घेतले, आणि १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा यंत्रांचे उत्पादन सुरू झाल्यावर मध्यमवर्गीय घरांत पायमशीन हळूहळू रुळले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकामाला स्त्रियांच्या शिक्षणात स्थान दिले, आणि अनेक एकट्या पडलेल्या स्त्रियांना सुईने स्वाभिमानाची कमाई मिळवून दिली. घरच्या यंत्राची टीप वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकून होते. ती पक्की असली तरी ब्लेडच्या टोकाने उसवता येते आणि आतली माया जागेवर असते. खरा बदल तयार कपड्यांनी घडवला. ते ज्या ओव्हरलॉक यंत्रावर शिवले जातात, त्याची सुरी शिवता शिवताच कडेचे जादा कापड छाटून टाकते, त्यामुळे काम वेगाने आणि सफाईने होते, पण तो कपडा वाढवण्यासाठी आत काहीच शिल्लक राहत नाही. बहुतेक तयार कपड्यांतून कृत्रिम धाग्याचे प्रमाणही वाढले आहे, आणि असे कापड जुने झाले तरी सुती लुगड्यासारखे मऊ पडत नाही व ओल टिपत नाही. म्हणून त्याचे दुपटे होत नाही आणि गोधडीही बेताचीच होते.

म्हणूनच घरच्या शिवणकामाकडे केवळ जुन्या दिवसांचे प्रेम म्हणून पाहणे अपुरे आहे. मुलांना धावदोरा, हेम आणि उलटी टीप एवढे तीन टाके शिकवले, तर ती तुटलेले बटण लावतील हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या हाती येईल: वस्तू घेताना ती पुढे कशाची होऊ शकेल असे विचारण्याची सवय. सणासाठी घरात एक तोरण शिवले, बाळंतविड्यात एक झबले घरचे ठेवले, आईच्या मऊ पडलेल्या सुती साड्या देऊन टाकण्याआधी त्यांचे चार थर घातले, तर कापड वाचते आणि ज्याच्यासाठी ते शिवले त्या माणसाचे माप हाताला कळते. त्याची उंची, त्याला बोचणारी जागा, त्याच्या आवडीचा रंग. बाजारातला कपडा सरासरी माणसासाठी बेतलेला असतो, तर घरची शिवण एका विशिष्ट माणसासाठी आणि त्याच्या पुढच्या वर्षांसाठीही बेतलेली असते. तो वाढेल, बदलेल आणि त्याच्यासाठी पुन्हा उसवून शिवावे लागेल, हे आनंदाने मान्य करून घातलेला टाका हा आपुलकीचा सर्वांत विचारी प्रकार आहे, आणि जे घर तो घालत राहते ते आपल्या माणसांना वाढण्यासाठी जागा ठेवते.