त्रेपन्नावा दिवस

आज ५३वा दिवस. पाळी नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीची फुली पार मागच्या पानावर राहिली आहे.

सकाळी हनुवटीवरचे केस चिमट्याने काढताना रडू आलं. आई दारातून म्हणाली, "अगं, वजन उतरव, सगळं मार्गी लागेल." डॉक्टरही पहिल्या भेटीत एवढंच म्हणाले होते. मन कसं आहे, हे कुणी विचारलंच नाही. माझ्यासारख्या पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असलेल्या प्रत्येकीची नैराश्य आणि चिंतेसाठी तपासणी व्हावी, असं २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ते वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. इतकी वर्षं मी या उदासीला माझा कमकुवतपणा समजत आले.

शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून इन्शुलिन जास्त तयार होतं. त्याच्या रेट्याने अंडाशयं पुरुषी संप्रेरकं जास्त बनवतात. माझ्या बाबतीत तरी हे असंच आहे, आणि हे कळल्यापासून स्वतःवर ओरडणं कमी झालंय.

गेल्या गणपतीत महिनाभर पाळलेलं पथ्य एका मोदकाने मोडलं. मग 'आता मोडलंच आहे' म्हणत आणखी पाच खाल्ले, आणि रात्री स्वतःचा इतका राग आला की झोप लागली नाही. माझा घात करतो तो पहिला मोदक नव्हे, त्यानंतरचा हा राग. यंदा एकच घेतला, तूप घालून, निवांत बसून. संध्याकाळी मैदानाला तीन फेऱ्या मारल्या.

वहीत आजची नोंद: झोप सहा तास. रडणं एकदा. आईला ती मार्गदर्शक सूचना मराठीत वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, पण माझ्या केसांना तेल लावत बराच वेळ बसली.