पडवीतली मोटारसायकल

गणपतीची तयारी म्हटली की मखर, माळ्यावरची भांडी आणि मोदकांची पिठी आठवते. आमच्या रत्नागिरीच्या घरात आणखी एक काम असतं, पडवीतली मोटारसायकल चालती करण्याचं. यजमान नोकरीला मुंबईत. मे महिन्यात ताडपत्रीखाली गेलेली गाडी भाद्रपदातच बाहेर येते. किक मारली की सुरू होते, पण रेस सोडली की फुस्सकन बंद! मेकॅनिक म्हणतात, "स्लो पकडत नाही."

सुट्टी जेमतेम पाच दिवसांची. एका वर्षी त्यातले दोन दिवस गॅरेजच्या बाकावर गेले. वर "नवा कार्बोरेटर टाका" हा सल्ला. तेव्हा मीच म्हटलं, हे प्रकरण आहे तरी काय, ते समजून घेऊ या.

तर कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा प्रमाणात मिसळणारं यंत्र. गाडी पळताना पेट्रोल मोठ्या जेटमधून येतं. उभ्या गाडीचं इंजिन स्लो जेटवर चालतं. त्याचं भोक शिवणाच्या सुईहूनही बारीक. गाडी महिनोन् महिने पडून राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, चिकटा मागे राहतो आणि नेमकं हेच भोक बुजतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं. आमच्याकडच्या पावसात ओलाव्याला काय तोटा!

म्हणून आधी वाटीखालचा स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल काढावं आणि टाकीत ताजं भरावं. मग एअर फिल्टर आणि प्लग साफ करावा. तरीही नाही जमलं, तर जेट काढून साफ करून घ्यावा. पंपाच्या स्टोव्हला आपण पिन मारायचो, तशी इथे तार घालू नये. पितळेचं भोक मोठं होतं. हवेच्या दाबानेच ते मोकळं करावं. स्लोचा स्क्रू सगळ्यांत शेवटी, इंजिन तापल्यावर फिरवावा. तोच आधी पिळला तर दुखणं झाकतं आणि पेट्रोल मात्र जळतं. उलट इंजिन आपोआपच जोरात फिरू लागलं, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांमधलं रबर चिरलंय का ते पाहावं.

खरा उपाय मात्र गाडी ठेवतानाचा. यजमान निघायच्या दिवशी अंगणात गाडी सुरू ठेवून पेट्रोलचा कॉक बंद करायचा. वाटी रिकामी झाली की इंजिन आपोआप थांबतं. हे काम उघड्यावरच करावं, बंद पडवीत धूर कोंडतो. आणि पेट्रोल काढताना जवळपास विस्तव नको. २०२० नंतरच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींना कार्बोरेटरच नसतो, त्यांना हे लागू नाही.

गेल्या गणपतीत ताजं पेट्रोल घातलं आणि गाडी तासाभरात तयार झाली. गौरी-गणपतींचं विसर्जन झाल्यावर भाट्याचा पूल ओलांडून आम्ही दोघं पावसला माझ्या माहेरी जाऊन आलो. आईने विचारलं, "यंदा वेळ कसा मिळाला गं?"