अण्णांसाठी नर्सिंग होम शोधताना

"डॉक्टर, आईसाठी एखादं चांगलं नर्सिंग होम सुचवा ना." ओपीडीत हा प्रश्न आता महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारा बहुतेक वेळा स्वतःचा बीपी तपासायला आलेला असतो आणि निघताना, दार अर्धं उघडल्यावर, बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारतो. मी त्याला परत बसायला सांगते, कारण या प्रश्नाचं उत्तर दारात उभं राहून देता येत नाही. आणि दुसरं कारण असं की डॉक्टर असूनही माझ्या वडिलांच्या बाबतीत मी हे उत्तर चुकवलं होतं.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे दहा-वीस खाटांचं खासगी हॉस्पिटल. तिथे बाळंतपणं होतात, अपेंडिक्स काढतात, चार दिवसांत पेशंट घरी जातो. मी लिहिते आहे ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. ज्यांना ऑपरेशन नको आहे, पण चोवीस तास उठवणारं, बसवणारं, भरवणारं, स्वच्छ करणारं माणूस हवं आहे, त्यांच्यासाठीची जागा. कुणी त्याला केअर सेंटर म्हणतं, कुणी शुश्रूषा केंद्र.

अण्णांना पक्षाघात झाला तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, गिळायला त्रास होऊ लागला. आई ७४ वर्षांची, गुडघ्यांनी अधू. घरी ब्युरोतर्फे माणूस ठेवून पाहिला, दोन महिन्यांत चार माणसं बदलली. शेवटी मी पुण्यातच तीन ठिकाणं पाहिली आणि त्यातलं सगळ्यात नीटनेटकं निवडलं. चकचकीत फरशी, प्रत्येक खाटेशी ऑक्सिजनची सोय, मॉनिटर, लिफ्ट, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी. मी सकाळी अकरा वाजता, आधी फोन करून गेले होते. हॉस्पिटल पाहावं तसं पाहिलं, म्हणजे यंत्रं पाहिली. अण्णांना यंत्राची गरजच नव्हती, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, त्यांचं रेटिंग काय आहे?" तिकडे २००८ पासून सरकारच नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं. तपासणीचे अहवाल, कर्मचाऱ्यांची संख्या, रुग्णांची स्थिती यांवरून ते ठरतात आणि कुणालाही वेबसाइटवर पाहता येतात. त्यातही गंमत अशी, की कर्मचारी किती आहेत हा आकडा बरीच वर्षं संस्था स्वतःच कळवत होत्या. २०१८ पासून तो पगाराच्या नोंदींवरून घेऊ लागले. कारण उघड आहे. आपल्याकडे अशी तारांकित यादी नाही, त्यामुळे तपासणी आपल्यालाच करावी लागते.

सहा आठवडे मी दर रविवारी सकाळी जात होते. अण्णा आंघोळ करून, पावडर लावून, स्वच्छ चादरीवर. एकदा दवाखाना लवकर आटपला म्हणून मधल्या वारी दुपारी साडेबाराला गेले. पांघरुणाला वास येत होता म्हणून अण्णांना कुशीवर वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती, कडेने काळसर.

बेडसोअर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. हाडाचा उंचवटा आणि गादी यांच्यामध्ये कातडी तासन्‌तास दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरते. सुरुवातीला नुसता लाल डाग दिसतो. बोटाने दाबून सोडल्यावर तो फिकट होत नसेल तर इजा सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसतही नाही. तिथे जांभळट छटा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागणं यावरून ओळखायचं. पाहायच्या जागा म्हणजे माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू. डागाला चोळायचं नाही, स्पिरिट आणि पावडर लावायची जुनी सवय सोडायची, मधे भोक असलेली गोल उशी वापरायची नाही. एअर मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलायची नाही, हा तर मोठाच गैरसमज. मॅट्रेसखाली, पेशंटच्या कमरेच्या जागी, तळहात सपाट सरकवून पाहा. अंग थेट हातावर टेकल्यासारखं लागलं तर त्या गादीचा उपयोग होत नाहीये.

खाटेशी कूस बदलल्याचा तक्ता टांगलेला होता. दर दोन तासांनी एक सही. मी पाहिलं तेव्हा साडेबारा वाजले होते आणि तक्त्यावर दोन, चार आणि सहा वाजताच्याही सह्या झालेल्या होत्या.

मी व्यवस्थापकांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतः डॉक्टर आहात. या वयात बेडसोअर होतातच." माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. काही जखमा, विशेषतः अगदी शेवटच्या दिवसांत, सगळं करूनही होतात. पण बहुतेक टाळता येतात. मला बोलता आलं नाही ते वेगळ्याच कारणाने. हेच वाक्य मी स्वतः कितीतरी नातेवाइकांना सांगितलेलं होतं.

त्या दिवशी वजनही करायला लावलं. आले तेव्हा ५८ किलो होते, आता ५४. महिन्याभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरलं तर ते वयामुळे म्हणून सोडून द्यायचं नसतं. अण्णांचं कारण साधं होतं. गिळायला त्रास असलेल्या माणसाला नीट उठवून बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास देत भरवायला अर्धा तास लागतो. नंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवावं लागतं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. तिथे एका मावशींकडे जेवणाच्या वेळी सहा माणसं होती. अण्णांच्या वाट्याला दहा मिनिटं यायची.

मला त्या मावशींचा राग आला नाही, म्हणजे पहिल्या तासानंतर आला नाही. घरी येऊन मी हिशोब मांडला. मजल्यावर २२ पेशंट, त्यातले नऊ पूर्ण अंथरुणाला खिळलेले. एकाची कूस बदलणं, डायपर पाहणं, चादर सरळ करणं याला दोन माणसं मिळून दहा मिनिटं धरा. नऊ जणांचे नव्वद मिनिटं. म्हणजे दर दोन तासांतली फक्त तीस मिनिटं उरतात, उरलेल्या सगळ्या कामांना आणि उरलेल्या तेरा जणांना. रात्री तिथे दोन नाही, एकच मावशी असायच्या. सह्या आधी का होत होत्या, ते मला तेव्हा कळलं. "नर्स आहे का?" हे सगळे विचारतात. "रात्री दोन वाजता या मजल्यावर किती माणसं जागी असतात आणि त्यांच्याकडे किती पेशंट?" हे मी तरी विचारलं नव्हतं.

दुसरी जागा शोधताना मी न सांगता गेले, संध्याकाळी सातला, जेवणाच्या वेळी. जिन्यात उभं राहून वास घेतला. लघवीचा वास क्षणभर कुठेही येईल, पण सगळ्या मजल्यावर मुरलेला असेल तर अर्थ वेगळा. नुसताच फिनेलचा भपका असेल तर तोही मला आवडत नाही. मग पाहिलं, मावशी बसून भरवतात की उभ्यानेच. पाण्याचा ग्लास पेशंटच्या चालत्या हाताच्या बाजूला आहे की कोपऱ्यातल्या टेबलावर. ओठ सुकलेले आहेत का. नखं, दाढी, चष्म्याच्या काचा. किती जणांना कॅथेटर घातला आहे. डायपर बदलण्यापेक्षा सोपं म्हणून तो घालत असतील, तर लघवीचा संसर्ग आज ना उद्या ठरलेलाच. पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता लटकलेली हवी. दुपारी गेलात आणि सगळेच्या सगळे गाढ झोपलेले दिसले तर औषधांचा कागद मागा. "आमच्याकडे पेशंट अगदी शांत असतात" हे वाक्य ऐकलं की मी झोपेच्या गोळ्या शोधते.

एक प्रश्न मी सगळीकडे विचारला, "इथे शेवटचं कोण पडलं होतं, आणि मग तुम्ही काय केलंत?" एका ठिकाणी उत्तर मिळालं, "आमच्याकडे कुणी पडतच नाही." मी आभार मानून निघाले. चालणारी म्हातारी माणसं जिथे आहेत तिथे कुणीतरी पडतंच. पडत नसतील तर बांधून ठेवलेली असतात, नाहीतर नोंद होत नसते.

कागदपत्रांबद्दल थोडंसं. संस्था कशाखाली नोंदलेली आहे ते विचारा. महाराष्ट्रात १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात आजारी किंवा दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा येते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार अशा नोंदणीकृत ठिकाणी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली हवी. डॉक्टर कधी येतात आणि रात्री काही झालं तर कुठल्या हॉस्पिटलला नेतात, हे लेखी घ्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभर चालणारी हेल्पलाइन आहे, ती माहीत असू द्या. पण नोंदणी म्हणजे कूस बदलली जाते याची हमी नव्हे.

अण्णांना शेवटी नेलं ती जागा जुन्या बंगल्यात होती. भिंतीचे पोपडे निघालेले, लिफ्ट नाही, मॉनिटर नाही. आई पाहून नाराज झाली. बारा पेशंट, दिवसा चार आणि रात्री दोन माणसं, त्यातल्या तीन मावशी पाच वर्षांहून जास्त तिथेच कामाला. तिसऱ्या दिवशी गेले तर एक मावशी मला म्हणाल्या, "ताई, अण्णांशी डावीकडून बोला. उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही." हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मलाच नीट माहीत नव्हतं.

जखम भरायला साडेतीन महिने लागले. मी जात राहिले, वार आणि वेळ बदलून. पहिल्या भेटींत त्यांना ते आवडलं नाही, मग सवय झाली. प्रत्येक वेळी अण्णांना कुशीवर वळवून टाचा आणि पाठ पाहायची, महिन्यातून एकदा वजन लिहून घ्यायचं. भाऊ फोनवर विचारायचा, "नवीन जागा कशी आहे?" मी म्हणायचे, "साडेछप्पन्न किलो."