पत्र्याला चुना

आमचे जुने घर कौलारू होते. अक्षय तृतीया उलटली, की वडील दुपारच्या जेवणानंतर ओसरीवर उताणे पडून छपराकडे पाहत राहत. नवख्या माणसाला ते विसावा घेत आहेत असे वाटे. प्रत्यक्षात ते कवडसे मोजत असत. सारवलेल्या जमिनीवर जेथे उन्हाचा रुपयाएवढा ठिपका पडे, तेथे वरच्या पाख्यातले एखादे कौल तडकलेले किंवा सरकलेले आहे, हे ठरलेले. उन्हाला सापडलेली ती वाट पावसाला सापडण्यापूर्वी बुजवायची, एवढाच त्या मोजणीचा अर्थ. मग एके दिवशी ते उठून बसत आणि आईला म्हणत, “रोहिणी लागायच्या आत घर शाकारून घेऊ.”

महाळुंगे हे खेड तालुक्यातले, चाकण-तळेगाव रस्त्यावरचे गाव. नांगरट उरकलेली आणि मृग अजून दोन आठवडे दूर, अशा वैशाखातल्या मोकळ्या दिवसांत गावातली घरे एकामागून एक शाकारली जात. वडील आढ्याजवळ बसत, धाकटे चुलते शिडीवर उभे राहत आणि मी अंगणात. कौले हातोहात खाली येत. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहण्याचे काम माझ्याकडे असे. खणखणीत वाजले तर ते पुन्हा वर जाणार. बद्द वाजले तर डोळ्यांना दिसत नसला तरी त्याला तडा आहे. ही कौले मंगलोरी होती. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ती चपटी, खाचेची कौले हळूहळू घाटावरच्या आमच्यासारख्या गावांपर्यंत पोहोचली. त्याआधीची, कुंभाराने घडविलेली नळीची कौले आमच्या गोठ्यावर माझ्या लहानपणापर्यंत टिकून होती. शाकारताना वाश्यांवरून वर्षभराची संपत्ती निघे: विटी, रबरी चेंडू, चिमण्यांच्या घरट्यांतला काडीकचरा, एकदा तर हरवलेली आईची पळी. ती वर कशी गेली, याचा उलगडा अखेरपर्यंत झाला नाही. काम संपले, की वडील मला पाच मिनिटे आढ्यावर बसू देत. तेथून भामचंद्राचा डोंगर दिसे. तुकोबांच्या चिंतनाची जागा म्हणून त्याच्याकडे पाहून हात जोडायचे आणि मग उतरायचे, असा क्रम होता.

पुढे औद्योगिक वसाहत आली. जमिनी गेल्या, पैसे आले, पैसे गेले. मीही १९९६ मध्ये एका कारखान्यात लागलो आणि सत्तावीस वर्षे पाळ्या केल्या. २००७ मध्ये आम्ही जुने घर उतरवले. त्या जागी स्लॅबचे घर उभे राहिले आणि मागच्या परसात, पत्र्याच्या छपराच्या, भाड्याने देण्यासाठी आठ खोल्या. उतरविलेली कौले आणि वासे परसाच्या कडेला रचून ठेवले. आता वीस वर्षे कोणाला छपरावर चढायला नको, असे मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे. वडील मात्र नव्या घरातही दुपारी उताणे पडत आणि स्लॅबकडे पाहत. तेथे मोजण्यासारखे काही नव्हते. २०१३ मध्ये ते गेले.

आमच्या पट्ट्यात ज्याच्याकडे दोन गुंठे जागा उरली त्याने खोल्या बांधल्या, हे वाचकांपैकी चाकण, भोसरी किंवा रांजणगावकडे राहणाऱ्यांना सांगायला नकोच. दहा बाय दहाची खोली, एक खिडकी, बाहेर सामाईक नळ. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून, बिहारातून आलेली मुले तेथे दोघे-तिघे मिळून राहतात. मी वाईट मालक नव्हतो, असे माझे मत होते. भाडे चढवताना विचार करी, दिवाळीला फराळाचे ताट पाठवी. दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनापर्यंत ते मत कायम होते.

शेवटच्या खोलीत चोपड्याकडचा एक तरुण राहत असे. त्याने पश्चिमेच्या भिंतीशी रंगाचे दोन रिकामे डबे ठेवले, त्यांत माती भरली आणि घोसाळ्याचे बी लावले. तो त्याला गिलके म्हणे. अंघोळीचे पाणी बादलीत धरून तो रोज त्या डब्यांना घाली. वेल वीतभर चढला असेल, तेव्हा मी त्याला तो काढायला लावला. भिंतीला ओल धरेल, पत्र्याखाली उंदीर शिरतील, शिवाय आज एकाने वेल लावला तर उद्या आठही जण लावतील, अशी कारणे मी दिली. त्याने वाद घातला नाही. “बरं काका,” एवढेच म्हणून त्याने डबे उचलले.

एप्रिलमध्ये एका दुपारी लग्नाची पत्रिका ठेवायला मी देवळात गेलो. सभामंडपात सात-आठ तरुण फरशीवर झोपले होते. हे दृश्य मी त्याआधी अनेकदा पाहिले होते आणि दिवसाढवळ्या लोळणारी रिकामटेकडी पोरे म्हणून मनातल्या मनात नाकही मुरडले होते. त्या दिवशी एकाच्या गळ्यात ओळखपत्राची निळी फीत दिसली म्हणून वाकून पाहिले. तो माझाच भाडेकरू होता. ओळखपत्र छातीवर, डोक्याखाली जेवणाच्या डब्याची पिशवी, आणि तोंडावर माश्या बसू नयेत म्हणून ओढून घेतलेला रुमाल.

संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो आणि विचारले, “देवळात का झोपतोस?”

तो ओशाळला. आपण काही गुन्हा केला, असे त्याला वाटले असावे. “तिसरी पाळी असते काका. सकाळी साडेसातला येतो. दहा वाजेपर्यंत झोप लागते खोलीत, मग नाही लागत.”

“तुमच्याकडे तर याहून कडक ऊन.”

“ऊन जास्त आहे. पण आमचं घर धाब्याचं आहे ना.”

खानदेशातले धाब्याचे घर मी पाहिलेले होते. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, आणि पावसाळ्यापूर्वी त्यावर पसरलेली पांढुरकी खारी. उन्हाळ्यात रात्री सारे घर धाब्यावर झोपायला जाते आणि दिवसा मातीखालच्या गारव्यात राहते. तो मुलगा पंचेचाळीस अंशांच्या गावातून आला होता आणि त्याहून कमी तापणाऱ्या आमच्या गावात त्याला झोप येत नव्हती.

मला खरा टोचला तो वेगळाच काटा. तिसरी पाळी मीसुद्धा केली होती. १९९६ ते २००७ या काळात रात्रभर यंत्रावर उभे राहून मी सकाळी घरी येई आणि माजघरात दुपारी दोनपर्यंत गाढ झोपे. आई मुलांना अंगणात हाकली, जाते सुद्धा फिरवत नसे. आढे उंच होते. तापलेली हवा वर जाई आणि कौलांच्या फटींतून निघून जाई. वडील ज्या फटींवर डोळा ठेवून असत, त्यांतल्याच पाणी न गळणाऱ्या असंख्य फटींनी माझी झोप राखली होती. ते छप्पर मी उतरवले आणि आठ माणसांच्या निजेवर पत्रा घातला. तो गळत नव्हता, म्हणून सतरा वर्षांत त्याच्याकडे एकदाही मान वर करून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी एका रिकाम्या खोलीत दार लावून बसलो. मित्राकडून भिंतीवर लावायचा तापमापक आणला होता. बाहेर सावलीत ३८, आत ४३. आकड्याने खरे म्हणजे काहीच सांगितले नाही. पत्र्याची धग डोक्यावर एखाद्याने तवा धरावा तशी वरून येत होती, पंखा तीच हवा ढवळत होता. वीस मिनिटांनी मी बाहेर आलो.

कौले पुन्हा चढवावीत, हा पहिला विचार. गवंड्याने तो हसण्यावारी नेला. एका कौलाचे वजन दोन-अडीच किलो, एका चौरस मीटरला सुमारे पंधरा कौले. खोल्यांवरचे पाइप वाकून जातील. मग चुना ठरला. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो, हे शाळेतले विज्ञान आहे. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत शेकडो माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तेथे उष्णतेसाठी कृती आराखडा झाला आणि पुढे वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रमही महानगरपालिकेने हाती घेतला. आमच्याकडे तो कार्यक्रम एका निवृत्त माणसाने आणि तिसऱ्या पाळीच्या एका मुलाने हाती घेतला.

काम वाटते तितके सोपे नव्हते. कळीचा चुना पिंपात पाण्यात सोडला, की तो खदखदू लागतो. त्या वेळी लांब उभे राहावे आणि डोळे जपावेत. चार दिवस मुरल्यावर तो गाळून घेतला. नुसता चुना पत्र्यावर धरत नाही, पापुद्रे होऊन गळतो, म्हणून पांढरे सिमेंट आणि फेविकॉल मिसळले. त्याआधी तारेच्या ब्रशने गंज खरवडला, सैल वायसर बदलले, भोकांवर डांबरपट्टी चिकटवली. पहिला हात आम्ही सकाळी नऊ वाजता दिला आणि तो तापल्या पत्र्यावर क्षणात सुकून पीठ झाला. सारे पुन्हा खरवडावे लागले. त्यानंतर मात्र पत्रा निवल्यावर, सूर्य कलताना, मी लांब दांड्याचा कुंचला फिरवू लागलो आणि कामावर जाण्यापूर्वी तो मुलगा पिंप वर चढवू लागला. तिसऱ्या दिवसापासून उरलेल्या खोल्यांतली मुलेही शिडी धरायला आली. रस्त्याने जाणारा एक ओळखीचा ओरडला, “काय हो, भाडेकरूंना चुना लावताय?” मुले पोट धरून हसली. मला हसू यायला जरा वेळ लागला.

वर चढल्यावर भामचंद्राचा डोंगर दिसला. त्याच्या अलीकडे कारखान्यांची लांबच लांब छपरे, आणि त्यांवर वाऱ्याने गरगरणारे चंदेरी भोवरे. तापलेली हवा बाहेर काढणारे ते भोवरे मी सत्तावीस वर्षे खालून पाहत आलो होतो. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला हवा लागते, हे तेथे कोणाला तरी सुचले होते. तोच माणूस घरी येऊन झोपतो कोठे, हे माझ्या वाट्याचे होते.

चुन्याने दुपारचा पारा चार अंशांनी उतरला. पश्चिमेची भिंत तरीही संध्याकाळी भट्टीसारखी तापे. तेव्हा मी जुने वासे काढले. अर्धे वाळवीने खाल्ले होते, उरलेल्यांचा भिंतीपासून दोन हातांवर मांडव घातला आणि त्या मुलाला म्हणालो, “तुझं ते घोसाळं पुन्हा लाव.”

“गिलकं,” तो म्हणाला. “आता उशीर झाला काका. पण लावू.”

त्याने खाली मंगलोरी कौले अंथरून त्यांवर डबे ठेवले, म्हणजे भिंतीला ओल धरणार नाही. मी मार्चमध्ये दिलेले कारण त्याने शब्दाने न उकरता असे निकालात काढले. वेलाला पाणी घालण्याची वेळ आम्ही दोघांनी वाटून घेतली. माझी सकाळची. निवृत्तीनंतर छंद काय, असे कोणी विचारले, की सांगायला मला तेव्हापासून एक उत्तर मिळाले.

वळवाच्या पहिल्या सरीने पत्र्यावरचा थोडा चुना धुऊन पागोळ्यांबरोबर खाली आणला. खोल्यांपुढे पांढरी रेघ उमटली. चुना दर वैशाखात नव्याने द्यावा लागणार, हे त्या रेघेने सांगितले; तसा तो मी मागच्या वर्षी दिला, यंदाही दिला.

आषाढात त्या मुलाचे सात महिन्यांचे कंत्राट संपले. दुसऱ्या कारखान्यात जागा मिळाली, ती रांजणगावला. सामान म्हणजे एक पिशवी आणि एक गादी. त्या वेळी वेल मांडवाच्या माथ्यावर पोहोचला होता, पिवळी फुले लागली होती, फळ धरले नव्हते. श्रावणात त्याच्या खोलीत आलेला नवा भाडेकरू, तोही रात्रपाळीचा, एका सकाळी माझ्या दाराशी आला.

“काका, मागं घोसाळी लागलीत. कुणाची आहेत? तोडली तर चालतील का?”

मी त्याला हव्या तेवढ्या तोडायला सांगितले. दोन मात्र बियांसाठी वेलावरच वाळू द्यायची, हे बजावले आणि ती कोणती, ते दाखवायला त्याच्याबरोबर मागे गेलो.