बिनभाड्याचे लंडन

सेलू म्हटले की निम्म्या महाराष्ट्राला परभणीकडचे सेलू आठवते. आमचे सेलू ते नव्हे. नागपूरहून वर्ध्याकडे निघाले की केळझर मागे पडते, पवनार अजून यायचे असते, आणि मध्ये जे गाव लागते ते आमचे. रेल्वेने आम्हांला स्टेशन दिले, पण त्याचे नाव ठेवले 'सेलू रोड'. रेल्वेच्या भाषेत 'रोड' याचा अर्थ, 'उतरा, पण गाव अजून पुढे आहे' असा असतो. कापूस, केळीच्या बागा, बोर धरणाचे पाणी आणि त्या धरणामागच्या जंगलातले वाघ, एवढ्या भांडवलावर आमचा संसार चालतो. अशा गावातला मी एक मराठीचा प्राध्यापक. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत लंडनला तेरा दिवस राहून आलो, आणि राहण्यापायी एक पौंडही खर्च केला नाही, असे सांगितले की लोक दोन तर्क करतात. एक, लंडनला माझा कोणी साडू असावा; दोन, प्राध्यापक थापा मारतो आहे. साडू माझा हिंगणघाटला आहे. आणि थापा मारण्याचा मान दिवाळी अंकात कथालेखकांचा. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने तो घेऊ नये.

तेव्हा खरे काय ते सांगतो. परक्या गावी अनोळखी माणसाच्या घरी उतरणे ही गोष्ट आम्हांला मुळीच नवीन नाही. सेलूला लागूनच घोराड आहे, संत केजाजी महाराजांचे. आसपासचे लोक त्याला प्रतिपंढरपूर म्हणतात. यात्रेच्या दिवसांत दिंड्या येतात आणि ज्याच्या ओसरीत जागा असेल त्याच्या ओसरीत पथाऱ्या पडतात. वारकऱ्याला कोणी भाडे विचारीत नाही. विदर्भातला माणूस बोलायला रांगडा, पण जेवल्याशिवाय पाहुण्याला उंबरा ओलांडू देणार नाही.

एवढे मात्र कबूल करायला हवे की आमच्या पाहुणचाराला एक छोटी प्रश्नपत्रिका जोडलेली असते. कोण्या गावचे? कोणाकडे आले? आडनाव काय? पहिले दोन प्रश्न शिष्टाचाराचे; खरा पेपर तिसऱ्यात. त्याच्या उत्तरावर पूर्वी पाण्याचे भांडे ठरत असे. आता भांडे ठरत नाही. पण खुर्ची पुढे करायची की फाटकाशीच बोलणे आटोपायचे, हे अजून कधी कधी ठरते. हा प्रश्न मी लंडनला बरोबर घेऊन गेलो होतो, असे म्हटले तरी चालेल.

१९४९ साली, दुसऱ्या महायुद्धाची राख अजून गरम असताना, डेन्मार्कमध्ये काही तरुण जमले. त्यांत बॉब लुइटवाइलर नावाचा एक अमेरिकन होता. युद्धात बंदूक धरायला नकार दिलेला, गांधींच्या विचाराने भारलेला. राष्ट्राराष्ट्रांचे तह मंत्री करतात आणि मोडतातही. सामान्य माणसांनी एकमेकांच्या घरी जाऊन जेवावे, झोपावे, बोलावे, म्हणजे पुढच्या वेळी एकमेकांवर बंदूक रोखताना हात थोडा तरी अडखळेल, असा त्यांचा हिशेब होता. त्या संस्थेचे नाव 'सर्वास'. नाव ऐकून आपल्याला 'सर्वांस' आठवते. प्रत्यक्षात तो एस्पेरान्तो भाषेतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'सेवा करतो'. रीत साधी. आधी एक मुलाखत द्यायची, परिचयपत्र घ्यायचे, मग यजमानांच्या यादीतून एकेकाला लिहायचे. एका घरी साधारणपणे दोन रात्री. पैशाचा व्यवहार नाही. पुढे २००४ पासून इंटरनेटवर 'काउचसर्फिंग' निघाले. जगभरच्या पाठीवर सॅक घेतलेल्या पोरांनी त्यावर अनोळखी लोकांचे कोच गाठले. २०२० पासून तिथे वर्गणी लागू लागली. कोच फुकट राहिला, दाराची घंटा मात्र विकत झाली!

व्हिसाच्या अर्जात 'कोठे राहणार?' असा रकाना होता. मी सहा घरांचे पत्ते लिहिले. 'नाते?' या प्रश्नापुढे काय लिहावे याचा बराच विचार केला आणि 'यजमान' असे लिहून दिले. आई हे सर्व पाहत होती. ती म्हणाली, ''तू त्यायले ओळखत नाहीस, ते तुले ओळखत नाहीत. मंग ते तुले घरात घेतीन काहून?'' प्रश्न बिनतोड होता. मी गोरसपाकाचे चार डबे आणि वर्ध्याहून आणलेले खादीचे सहा पंचे सॅकमध्ये भरले आणि निघालो.

पहिले घर पूर्व लंडनमध्ये, बो या भागात होते. विटांच्या घरांची लांबच लांब ओळ. सगळी घरे एकाच साच्यातून काढल्यासारखी. दार उघडले ते सत्तरीच्या एका बाईंनी. निवृत्त शिक्षिका. त्यांचे यजमान पूर्वी बस चालवीत. मी पायांतले बूट काढू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, ''राहू द्या.'' मी म्हटले, ''आमच्याकडे घरात बूट घालत नाहीत.'' त्या हसल्या आणि त्यांनी स्वतःचेही काढले. मग चहा झाला. चहा संपताच बाईंनी टेबलावर एक किल्ली ठेवली. म्हणाल्या, ''ही पुढच्या दाराची. तुम्ही केव्हाही या-जा. आम्ही दहाला झोपतो.''

वाचकहो, लंडनमध्ये मी राजवाडा पाहिला, टॉवर पाहिला, टेम्सवरचे पूल पाहिले. पण त्या किल्लीइतके मला काही पाहण्यासारखे वाटले नाही. आमच्याकडे पाहुण्याला पंचपक्वान्ने मिळतील, पण घराची किल्ली? ती तर नव्या सुनेलाही लवकर मिळत नाही. आम्ही पाहुण्याला पोटभर देतो आणि त्याच्यावर नजरही ठेवतो. त्यांनी मला खायला बेताचेच दिले, पण विश्वास मात्र भरपूर दिला. कोणता पाहुणचार मोठा, हे मी ठरवू शकत नाही. पण दोन्ही एका घरात मिळाले तर ते घर पाहायला आवडेल!

दुसऱ्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराचा ताबा मागितला. व्हाइटचॅपलकडे बांगलादेशी दुकानांच्या रांगा आहेत; बेसन, मिरच्या, कोथिंबीर सारे मिळते. पिठले केले. बसवाल्या आजोबांनी तीनदा घेतले आणि डोळे पुशीत विचारले, ''हे रोज खाता?'' मी म्हटले, ''गरीब रोज खातात आणि श्रीमंत हौसेने.'' ते म्हणाले, ''आमच्याकडे बटाट्याचे असेच आहे.''

त्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर पोविस रोडला 'किंग्जली हॉल' आहे. म्युरिएल आणि डोरिस लेस्टर या बहिणींनी आपल्या दिवंगत भावाच्या नावाने गरिबांच्या वस्तीत चालवलेली ही संस्था. १९३१ साली गोलमेज परिषदेला गांधीजी लंडनला आले तेव्हा हॉटेलात न उतरता ते या वस्तीत उतरले. १२ सप्टेंबरला आले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला निघाले. म्हणजे जवळजवळ बारा आठवडे मुक्काम. आधी कळवून गेलो होतो म्हणून गच्चीवरची त्यांची खोली पाहायला मिळाली. खोली कसली, कोठडीच. सेवाग्रामची बापूकुटी आम्ही शाळेच्या सहलीपासून पाहत आलो. पण ती पाच वर्षांनंतरची. तिचे बीज या लंडनच्या गच्चीवर पाहून मला गंमत वाटली. पहाटे ते या गल्ल्यांतून फिरत आणि वस्तीतली पोरे 'गांधीकाका' म्हणून मागे लागत. राजाचा पाहुणा होण्याऐवजी हा माणूस गल्लीचा पाहुणा झाला.

त्याच मुक्कामात, सप्टेंबरच्या अखेरीस, गांधीजी लँकेशायरला डार्वेनला जाऊन आले. विलायती कापडावरच्या बहिष्काराने तिथल्या गिरणीकामगारांच्या हालांत भर पडली होती. ज्यांची चूल आपल्या चळवळीने मंदावली त्यांच्याच दारात जाऊन उभे राहायचे, याला छाती लागते. गिरणीतल्या बायांनी त्यांना गराडा घालून जयजयकार केला. त्या क्षणाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

ही हकीगत मी जेवताना सांगितली तेव्हा यजमानीणबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ''माझी आजी लँकेशायरला मागावर होती. त्या वर्षी तिचेही काम गेले. आमच्या घरात गांधींचे नाव निघाले की मतभेद होत.'' मी त्यांना आमच्याकडची बाजू सांगितली. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आमच्या हिंगणघाटच्या कापसाकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली तीही बऱ्याच अंशी या कापसासाठी. म्हणजे आमच्या शेतातला कापूस त्यांच्या आजीच्या पणजीच्या मागावर चढला असेल, आणि त्याचे कापड परत आमच्या बाजारात येऊन आमच्या कोष्ट्याचा माग बंद पडला असेल. दोन्हीकडची माणसे गरीब. नफा तिसराच घेऊन गेला. मी खादीचा पंचा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, सुतावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, ''आजीने याला दहापैकी सहा गुण दिले असते.'' मला ते सहा गुण विद्यापीठाच्या पदवीपेक्षा मोलाचे वाटले.

मधली चार घरे वगळतो. चांगली माणसे, बेताचे जेवण, मऊ गादी. शेवटचा मुक्काम उत्तर लंडनमध्ये होता. तिथून प्रिमरोझ हिलकडे चालत गेलो आणि किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरासमोर उभा राहिलो. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन स्मारक केले. आत पुस्तके आहेत, छायाचित्रे आहेत. पण मला तिथे बडोदे आठवत राहिले. १९१७ साली न्यूयॉर्क आणि लंडन पाहून परतलेला हा विद्वान बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, आणि राहायला त्याला जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात त्याने पारशी नाव घेऊन खोली मिळवली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे जिन्यात आली आणि त्याला बाहेर पडावे लागले. ही हकीगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. साता समुद्रांपलीकडच्या दोन शहरांत ज्याला छप्पर मिळाले, त्याला आपल्याच देशात सार्वजनिक बागेत जाऊन बसावे लागले. लंडनला सगळेच साधुसंत होते असे नव्हे. साम्राज्य त्यांचेच होते. पण माझ्या सहाही यजमानांपैकी एकानेही मला आडनावाचा अर्थ विचारला नाही. त्यांना तो कळलाच नसता. अज्ञानही कधी कधी पुण्यवान असते!

परतताना विमानात आमच्या पवनारची आठवण झाली. १ जून १९६२ रोजी सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीच्या राजघाटावरून पायी निघाले. अण्वस्त्रांविरुद्ध मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनला जायचे, असा त्यांचा बेत. पवनारचे विनोबा तेव्हा भूदानाच्या पदयात्रेत होते. त्यांनी या दोघांना सल्ला दिला, की खिशात पैसा ठेवू नका. पैसा असला की माणूस खानावळ शोधतो. नसला की माणूस शोधतो, हे त्यातले मर्म. पाकिस्तानच्या सीमेवर एका स्नेह्याने शिदोरी आणली, तर ती म्हणजे अविश्वासाची पुडकी आहेत असे सांगून त्यांनी ती परत केली. आणि पलीकडे लाहोरचा एक माणूस त्यांना घरी न्यायला उभा होता! काळ्या समुद्राकडच्या एका चहाच्या कारखान्यातल्या बायांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या. चार राजधान्यांतल्या नेत्यांना द्या, आणि सांगा की बॉम्बची कळ दाबण्याआधी एक कप चहा घ्या. जवळजवळ आठ हजार मैलांचा तो प्रवास परक्यांच्या दारांवर पार पडला. माझ्या खिशात परतीचे तिकीट आणि बँकेचे कार्ड होते. मी कसला फकीर! मी विनोबांचा फार तर बाहेरून परीक्षेला बसलेला विद्यार्थी.

डिसेंबरमध्ये त्या शिक्षिकाबाईंची नात सॅक घेऊन सेलूला आली. आईने तिच्यासाठी मागच्या खोलीतली बाज बाहेर काढली, नवी गोधडी घातली आणि तीन दिवस तिला वांग्याची भाजी, भाकर आणि केळी यांच्यात बुडवून टाकले. गल्ली लोटली. कोणी तिला विचारले नाही की तुझे आडनाव काय, तुझ्या घरी काय शिजते. जाताना आईने आपण होऊन तिला दाराची किल्ली दाखवली आणि खुणेने सांगितले, पुन्हा ये.

पुढच्या जूनमध्ये आमच्या वरच्या खोलीसाठी एक मुलगा चौकशीला आला. बोरकडच्या खेड्यातला, कॉलेजात पहिल्या वर्षाला. गावात चार ठिकाणी त्याने आडनाव सांगितले होते आणि चारही ठिकाणी 'खोली आत्ताच गेली' असे उत्तर मिळाले होते. तो फाटकाशी उभा असतानाच शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ कुंपणावरून म्हणाले, ''सर, आधी नाव-गाव नीट विचारून घ्या हो.''

मी काही बोलण्याआधी आई ओसरीतून उठली. म्हणाली, ''भाऊ, त्या गोऱ्या पोरीले आपन काही इचारलं नाही. मंग या पोट्ट्याले काहून इचारता?''

आणि तिने कमरेची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.