हातभर खणल्यावर

आजीबाईंनी पहिलं फावडं मारलं तशी वाळूतून वाफ आली. दुसऱ्या फावड्याला खड्ड्यात पाणी झिरपलं आणि झिरपता झिरपताच ते खळखळा उकळत होतं. भाची मागून ओरडली, “मामा, मागे हो, चटका बसेल!” मी मागे झालो, पण नजर त्या खड्ड्यावरून हटेना. फार तर हातभर खोल असेल तो. माझं लहानपण विहिरीच्या कामावर गेलं आहे. हातभर खणल्यावर पाणी लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि उकळतं पाणी लागेल असं तर मनातही आलं नव्हतं.

गावाचं नाव लॉयगरवात्न. आईसलँडच्या नैर्ऋत्य भागात, त्याच नावाच्या तळ्याकाठी वसलेलं छोटं गाव. भाची रेक्याविकला नोकरी करते. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची आजी इथे राहते आणि तळ्याकाठच्या वाळूत पाव भाजते, एवढ्या ओळखीवर आम्ही गेलो होतो. जून महिना असूनही माझ्या अंगात दोन स्वेटर होते. आजीबाई सत्तरीच्या पुढच्या, पायात रबरी बूट, हातात लांब दांड्याचं फावडं. काळ्या वाळूवर जागोजाग छोटे उंचवटे होते आणि प्रत्येकावर एकेक दगड ठेवलेला. खाली भांडं पुरलंय, ही खूण. कुठलं भांडं किती वाजता पुरलं ते त्यांना पाठ होतं.

आमचं भांडं आदल्या दिवशी याच वेळी पुरलेलं. त्यांनी ते फावड्याने अलगद वर काढलं, तळ्याच्या गार पाण्यात बुडवलं आणि त्याच खड्ड्यात लगेच दुसरं, कच्च्या पिठाचं भांडं ठेवून वाळू ओढली. वर दगड ठेवला. “उद्या दुपारी,” त्या म्हणाल्या. सरपण नाही, फुंकणी नाही, आच कमी-जास्त करणं नाही. चोवीस तासांत तो राई नावाच्या धान्याचा पाव आपोआप शिजतो. तिथेच उभं राहून त्यांना मी आमच्या विहिरीची गोष्ट सांगितली, कारण मला राहवेना.

आमचं गाव सिन्नर तालुक्यात. १९७२चा दुष्काळ सरला आणि पुढच्या वर्षी वडिलांनी विहीर खणायला घेतली. पाणाड्याने हातात नारळ धरून जागा दाखवली. वरचा मुरूम चार दिवसांत संपला आणि काळा पाषाण लागला. मग सुरुंग सुरू झाले. वडार मंडळी पहारीने भोकं पाडत, दारू ठासत, आम्हा पोरांना लांब पिटाळत. धडाका झाला की यारीने दगड वर यायचा. पंचेचाळीस फुटांपर्यंत नुसता काळा, कोरडा, घट्ट दगड. मग एके दिवशी कामावरचा म्होरक्या वर येऊन म्हणाला, “मांजऱ्या लागला, पाटील.” मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा, ठिसूळ खडक. पाणी घट्ट पाषाणात नसतं, मांजऱ्यात असतं. बावन्न फुटांवर झरा फुटला तेव्हा वडील काठावर बसून रडले. आम्ही पोरं मात्र उपशाच्या ढिगात गारगोट्या शोधत होतो. मांजऱ्याच्या भोकांत पांढऱ्या सुयांचे गुच्छ सापडायचे, कधी गुलाबीसर चकचकीत पापुद्रे. मी त्या बिस्किटाच्या डब्यात साठवल्या होत्या.

आजीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग पाणी गरम होतं?”

“नाही, गार.”

“मग पाव कुठे भाजता?”

“भाकरी. चुलीवर, लाकडावर.”

“म्हणजे लाकूड आहे तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या. मला एकदम लखकन कळलं. हजार-अकराशे वर्षांपूर्वी माणसं या बेटावर वस्तीला आली तेव्हा इथे बर्चची झाडी होती. ती तोडून आणि मेंढ्यांना चारून बहुतेक संपली. ज्यांच्या मुलखात सरपण नाही त्यांनी जमिनीतली ऊब स्वयंपाकाला लावली. आज देशातली दहातली नऊ घरं जमिनीतल्याच गरम पाण्याने उबदार राहतात. रेक्याविकला नळ सोडला की आंघोळीच्या पाण्याला गंधकाचा वास येतो. पहिल्या दिवशी मला तो नकोसा झाला होता. लॉयगरवात्नहून परतल्यावर आवडू लागला.

पाव त्यांच्या स्वयंपाकघरात कापला. मला परदेशातला पाव आवडत नाही, हे आधीच सांगतो. पाव म्हणजे जेवण नव्हे, या मताचा मी आहे, आणि भाकरीवाचून चार दिवसांत मी चिडचिडा होतो. पण हा पाव वेगळा निघाला. गुळासारखा गडद तपकिरी, वर टणक कवच असं काही नाहीच, सुरी लावली तर ओलसर, दाट, गोडसर. त्यावर त्यांनी बोटभर जाडीचं खारं लोणी थापलं. पाव गरम होता, लोणी कडेने वितळायला लागलं. पहिल्या घासाला मला मलिदा आठवला. शिळी बाजरीची भाकरी कुस्करून त्यात गूळ-तूप घालून आई करायची तो. मी चार तुकडे खाल्ले. पाचवा आजीबाईंनी न विचारता वाढला. सोबत तळ्यातल्या माशाचा धुरावलेला काप होता; तो भाचीला दिला, पाव मात्र कुणाला दिला नाही.

खाता खाता भाचीने कागदावर चित्र काढून समजावलं. जमिनीत किलोमीटरभर खाली गेलं तर आपल्याकडे उष्णता साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढते; इथे कित्येक ठिकाणी शंभर अंशांनी किंवा त्याहूनही जास्त. कारण हे बेट भूकवचाच्या शिवणीवर बसलं आहे. अटलांटिकच्या मधोमध उत्तर-दक्षिण एक डोंगररांग पाण्याखाली गेली आहे. तिच्या माथ्यावर उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात. ते सरकले की खालचा तप्त खडक वर येतो, त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि दाब कमी झाल्यामुळेच तो वितळू लागतो. शिवाय इथे पृथ्वीच्या पोटातून उष्णतेचा आणखी एक लोट वर येतो, म्हणून लाव्हा इतका साचला की रांगेचा एवढा तुकडा समुद्राबाहेर निघाला. डोंगरावर पडलेला पाऊस आणि बर्फ भेगांतून खोल मुरतो, तापतो, आणि दुसऱ्या भेगेने आजीबाईंच्या वाळूत येऊन उकळतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्या पावाचा घास तोंडात असताना ते जसं पटलं तसं आधी पटलं नव्हतं.

निघताना त्यांनी आम्हाला काठावरचं एक दगडी कुंड दाखवलं, विग्दालॉयग. इसवी सन १०००च्या सुमारास आईसलँडच्या लोकसभेने, आल्थिंगने, ख्रिस्ती धर्म स्वीकारायचं ठरवलं. दीक्षा पाण्यात घ्यायची आणि सभेच्या जागचं पाणी बर्फासारखं, म्हणून पुष्कळ जण इथे येऊन कोमट पाण्यात उतरले, असं सांगतात. त्याच सभेची आणखी एक हकिगत मी भाचीकडून दोनदा वदवून घेतली. वाद ऐन भरात आला असताना जवळच ज्वालामुखी फुटल्याची बातमी आली. जुन्या धर्माचे लोक म्हणाले, हा देवांचा कोप. तेव्हा स्नोरी नावाच्या सरदाराने विचारलं, की आपण ज्यावर उभे आहोत तो हा खडक जळत होता तेव्हा देव कशाने रागावले होते? ही हकिगत पुढे दोन-अडीचशे वर्षांनी ‘सागा’ नावाच्या तिथल्या जुन्या कथांत लिहिली गेली. हजार वर्षांपूर्वी पायाखालच्या थंड दगडाकडे बघून हा एकेकाळी वाहत होता हे ओळखणारा माणूस मला त्या साऱ्या सरदारांत मोठा वाटतो.

दुसऱ्या दिवशी ती सभेची जागा, थिंगवेलिर, पाहिली. ९३० सालापासून १७९८पर्यंत आल्थिंग तिथे भरत असे. एक पाय युरोपात, एक अमेरिकेत, असे फोटो लोक तिथे काढतात. मला ते खटकलं, कारण ते खरं नाही. सीमा म्हणजे एक रेघ नव्हे. ती सात-एक किलोमीटर रुंदीची खचलेली दरी आहे, भेगाच भेगांची. शिवाय दोन्ही भूपट्ट वर्षाला एकूण दोनेक सेंटिमीटर दूर जातात, त्यातला मोठा वाटा हल्ली पूर्वेकडचा ज्वालामुखी पट्टा उचलतो, थिंगवेलिरच्या वाट्याला काही मिलिमीटर येतात. तरी हिशेब केला: पहिली सभा भरली तेव्हापासून दोन्ही भूपट्ट एकूण वीसेक मीटर दुरावले. आणि हे रोज थोडं थोडं होत नाही. ताण साठतो आणि मग एका भूकंपात सुटतो. १७८९च्या भूकंपांत या दरीचा तळ काही ठिकाणी दोनेक मीटर खाली बसला.

अल्मन्नाग्याऊ नावाच्या घळीत मी कड्याला हात लावला. आमच्याच घाटातला दगड. तोच काळा, तसाच थरावर थर. फक्त याची भोकं रिकामी होती. गारगोटीचा मागमूस नाही.

पुढचे चार दिवस धबधबे, हिमनद्या आणि पाऊस यांत गेले.

त्यानंतर पूर्वेच्या किनाऱ्यावर टेगारहॉर्नला पोचलो आणि तिथल्या काचेच्या कपाटात माझा बिस्किटाचा डबा उघडावा तसं झालं. पांढऱ्या सुयांचे गुच्छ, स्कोलेसाइट. गुलाबीसर पापुद्रे, स्टिल्बाइट. ही झिओलाइट नावाची खनिजं आपल्या नाशिक-सिन्नर-पुण्याच्या खडकात सापडतात तीच, आणि सिन्नरला तर गारगोट्यांचं अख्खं संग्रहालय आहे. आईसलँडच्या पूर्व आणि वायव्य टोकांचा दगड सगळ्यांत जुना, १.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, कारण मधल्या शिवणीवर जन्मलेला खडक दोन्हीकडे सरकत जातो आणि काठावरचा सगळ्यात वयस्क असतो. लाव्हा नवा असताना त्याची भोकं रिकामी असतात. वर आणखी लाव्हा चढतो, खडक गाडला जातो, त्यातून गरम पाणी खेळतं, दगडातला चुना-सिलिका विरघळवून घेतं आणि भोकाभोकात गारगोटी रचतं. जॉर्ज वॉकर या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकापासून हा पूर्व भाग पायी फिरून नोंदला. कुठल्या उंचीवर कुठला झिओलाइट सापडतो यावरून तो खडक एकेकाळी किती खोल गाडलेला होता आणि डोंगरावरचा किती थर झिजून गेला, हे त्याने मांडलं.

मी त्या कपाटासमोर बराच वेळ उभा होतो. आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. भारताचा भूभाग तेव्हा आजच्या रियुनियन बेटाखालच्या उष्ण जागेवरून सरकत होता, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. बावन्न फुटांवरचं आमचं पाणी गार लागलं, पण त्या मांजऱ्यात एकेकाळी आजीबाईंच्या खड्ड्यासारखं गरम पाणी खेळलं होतं. त्याचा पुरावा मी आठव्या वर्षी डब्यात भरून ठेवला होता आणि पन्नास वर्षांत कुणी मला तो वाचायला शिकवलं नाही.

घरी आल्यावर विहिरीवर गेलो. उपशाचा निम्मा ढीग खडी करायला क्रशरवर गेला आहे. तुमच्या शिवारात जुन्या विहिरीचा उपसा पडलेला असेल तर ट्रॅक्टर भरण्याआधी एकदा पोरांना घेऊन जा. हातोडीने भोकाभोकांचा दगड फोडा. आत जे पांढरं, चकचकीत निघेल, ते गरम पाण्याने केलेलं काम आहे, हे त्यांना सांगा.